पाच दगड आणि चौथं कलम

मार्गशीर्षातली अमावास्या, वार मंगळवार. खर्च रुपये दोन. चुना दीड रुपयाचा आणि कुंचला आठ आण्यांचा. हजर माय, मी आणि टँकरवाले हबीब चाचा. आण्णा गैरहजर. ठिकाण लातुरातल्या एका नव्या सरकारी कचेरीच्या आवारातली बाग. ही नोंद त्या दिवशी वहीत झाली नाही, कारण वही घ्यायला दिलेल्या पैशांचाच मी चुना आणला होता. आज करते आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. रोज कुठली तरी कचेरी उघडायची, कुठल्या तरी भिंतीला रंग लागायचा आणि आदल्या आठवड्यातलं पटांगण पुढच्या आठवड्यात कुंपणाच्या आत गेलेलं असायचं. त्याआधी आम्ही नांदेडला होतो. आण्णा तिथं एका बंगल्यावर माळी होते. गुलाबाचे चाळीस वाफे आणि हिरवळीचा एक मोठा तुकडा त्यांच्या हाताखाली होता, आणि गोदावरी जवळ असल्यामुळं पाण्याची चिंता कधी केलेली मला आठवत नाही. बंगल्याचे मालक गेले, मुलांनी बाग मोडली, तेव्हा कुणीतरी सांगितलं की लातूरला कचेऱ्या निघून राहिल्या, माळी लागतील. आण्णा रोजंदारीवर लागले आणि आवाराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली मिळाली. पुढं कायम करतील, असं तोंडी सांगितलं होतं. त्या एका तोंडी शब्दावर आमचं घर उभं होतं.

आलो त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही फारसा नव्हता. टँकर दिवसाआड यायचा आणि आमच्या वाट्याला सहा घागरी यायच्या. दोन पिण्याच्या, एक स्वयंपाकाची, एक भांड्यांची, दोन अंघोळीच्या आणि कपड्यांच्या. हबीब चाचा टँकर काढताना नळीत राहिलेलं पाणी मायच्या घमेल्यात सोडायचे. ती अर्धी घागर मी हिशेबात धरत नसे, म्हणून ती सणासारखी वाटायची. सकाळी पत्रा तापायला लागला की तडतड वाजायचा. तो आवाज, टँकरचा हॉर्न आणि मायचं भाकरी थापणं, एवढ्यावर आमची वेळ चालायची. घरात घड्याळ नव्हतं.

अशा वर्षात बाग करायची म्हणून मुंबईहून रेगे बाई आल्या. चाळिशीच्या, उंच, पायात पुरुषांसारखे बूट, डोक्याला सुती रुमाल. त्यांनी पहिल्याच दिवशी आण्णांना सांगितलं, या बागेत हिरवळ नाही, गुलाब नाही, कारंजं नाही. पाच-सहा कडुनिंब, कडेनं घायपात, आणि मधल्या मोठ्या चौकात बारीक खडी पसरून त्यात दगड.

आण्णांना वाटलं, बाई थट्टा करतात. "बाग म्हनायचं अन् पानी घालायचं न्हाई? मंग माळी कशाला पाह्यजे, बाई?"

"दगडांना माळी लागतो," बाई म्हणाल्या. "बघाल तुम्ही."

त्यांच्याकडे एक जाड अल्बम होता. देशोदेशीच्या बागांचे आणि उघड्यावरच्या शिल्पांचे फोटो त्यांनी स्वतः फिरून काढले होते. संध्याकाळी काम थांबलं की त्या कट्ट्यावर बसून तो उघडायच्या, आणि आम्ही सगळे, अगदी हबीब चाचासुद्धा, भोवती जमायचो. इराणातली बाग, तिच्यात पाण्याचे सरळ पाट. पेरू देशातलं वाळवंट, त्यात शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ओढलेल्या मैलमैल लांब रेघा. त्या बघून आण्णांनी विचारलं होतं, "हे नांगरानं केलंय का दाताळानं?" समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर रांगेनं उभे असलेले दगडी चेहरे पाहून हबीब चाचा म्हणाले, "या अल्ला, इत्ते बडे मुंडके! इनकी हजामत कौन करता?" बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. आणि शेवटच्या पानावर जपानातली एक बाग होती. पांढरी खडी, तिच्यावर दाताळाच्या रेघा, आणि अधूनमधून काळे दगड. बस्स. पाणी नव्हतंच, तरी रेघांकडे बघताना ओढ्याकाठी बसल्यासारखं वाटायचं. मी त्या वेळी नववीत होते. जग एवढं मोठं आहे आणि त्यात लोक इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेनं दगड उभे करतात, हे मला त्या कट्ट्यावर कळलं. त्याबद्दल बाईंचे आभार मानायचे राहिलेत. हे लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

बाईंच्या नकाशात सात दगड होते. निलंग्याच्या वाटेवरच्या एका माळावरून ते आणायचे ठरले. एक उचलतानाच फुटला. दुसरा औशाच्या अलीकडे ट्रॉलीतून घसरून नाल्यात पडला. तो अजून तिथंच आहे, त्या रस्त्यानं जाताना मी बसच्या खिडकीतून बघते. राहिले पाच. बाईंनी रात्रीतून नवा नकाशा काढला. मग नऊ दिवस ते पाच दगड उभे करणं चाललं. कधी वीतभर डावीकडे, कधी चार बोटं मागं, कधी तोंड थोडं उगवतीला. सहा गडी पहारी लावून दगड हलवायचे, बाई चौकाच्या कोपऱ्यात जाऊन उकिडव्या बसायच्या, बघायच्या, मान हलवायच्या. सहाव्या दिवशी गडी म्हणाले, बाईच्या डोक्यात फरक आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी बाई काहीच बोलल्या नाहीत. दोन दगड जवळ, जरा सोडून दोन, आणि एक लांब, एकटा. आण्णा म्हणाले, "आता बसले." त्यांनाही ते दिसलं होतं.

त्यानंतर आण्णा बदलले. लोहाराकडून त्यांनी रुंद दातांचं दाताळ करून आणलं, आणि रोज पहाटे उठून खडीवर रेघा ओढू लागले. दगडाभोवती गोल, बाकी सरळ. कुत्र्याचं पाऊल उमटलं तरी सगळं परत. एकदा मला म्हणाले, "गुलाबाला चुकलं तर गुलाब झाकून घेतो. इथं काय झाकत न्हाई." मुंबईला परतताना बाईंनी मला दोन रुपये दिले. म्हणाल्या, "एक वही घे. आण्णा रोज कुठून कुठं रेघ ओढतात ते काढून ठेव. तुझं मोजणं पक्कं आहे." मोजणं पक्कं आहे, असं मला पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं. पुढं मी त्याच्यावरच पोट भरलं.

आता येळवस. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगते की वेळ अमावास्येला आमच्या भागातला माणूस शेतात जातो. कडब्याची छोटी कोप उभी करतात, तिच्यात पाच दगडांना चुना आणि काव लावून पांडव म्हणून पुजतात, आणि वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवतात. सगळ्या डाळी-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकात जोंधळ्याचं पीठ आंबवून केलेली आंबील. त्या दिवशी लातूर शहर इतकं रिकामं होतं की भर चौकात खाट टाकून झोपावं. माय निलंग्याकडची. लग्न होऊन नांदेडला गेली तरी दर साली येळवशीला मामाच्या शेतात पोचायचीच. त्या साली मामाचा निरोप आला होता. रब्बी पेरलीच नाही, जमीन उघडी पडली आहे, यंदा कोप घालत नाही, येऊ नको.

दोन दिवस माय नुसती डबे उघडून झाकत होती. तिसऱ्या दिवशी तिनं वाटाणे, हरभरे, तुरी भिजत घातल्या. ताजं काही नव्हतंच, सगळं वाळलेलं. मी विचारलं, "माय, काय करलालीस? शेत कुठाय?"

"शेत न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "पाच दगड तर हायत की."

त्याच संध्याकाळी बाईंचं पत्र आलं. आठवडाभरात बाग कचेरीच्या ताब्यात द्यायची होती, तेव्हा काय करावं, काय करू नये, त्याची सहा कलमं. आण्णांना वाचता येत नव्हतं. मी कंदिलापाशी बसून मोठ्यानं वाचू लागले. सहा कलमं आहेत म्हणून सांगितलं. एक, खडीवर पाणी टाकू नये. दोन, चौकात झाड लावू नये. तीन, रेघा रोज ओढाव्यात. चौथ्यावर नजर गेली. "दगडांना रंग, चुना, काव यांतले काहीही लावू नये." वर पाहिलं तर माय चुलीपाशी भिजलेले दाणे निवडत होती आणि तिच्या तोंडावर किती दिवसांनी काहीतरी होतं. मी चौथं कलम सोडलं आणि पाचवं वाचलं. मग सहावं.

आण्णा बोटं धरून ऐकत होते. "साहा म्हनलीस. पाचच झाली की."

"चुकलं माझं मोजायला," मी म्हटलं.

जाणूनबुजून चुकवलेली ही माझी एवढी एकच मोजणी. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं मिटली आणि जेवायला बसले.

येळवशीला सकाळी आण्णांना ओव्हरसिअर तांदळे साहेबांनी साहित्य आणायला दुसऱ्या कचेरीत पाठवलं होतं. आवारात चिटपाखरू नव्हतं. कडबा जनावरांच्या तोंडचा, तो मागायला मायला लाज वाटली, म्हणून आम्ही तुराट्यांची कोप केली. चुन्याला पैसे नव्हते. वहीचे दोन रुपये माझ्या दप्तरात होते. ते चुन्याला दिले हे मी मायला सांगितलं नाही. चार दगडांना मायनं चुना लावला, पाचव्याला, त्या लांबच्या एकट्याला, मी. काळ्या दगडावर ओला चुना आधी दिसतच नाही, वाळत जाईल तसा उमटतो. आम्ही आंबील ढवळत बसलो आणि पाचही दगड एकेक करून पांढरे होत गेले. चौकाभोवती मायनं बिंदगीतली, म्हणजे छोट्या मडक्यातली, आंबील शिंपडली आणि ती कानडी वळणाची आरोळी दिली, जिचा अर्थ मला आजपर्यंत कुणी धड सांगितलेला नाही. हबीब चाचा टँकर लावून आले. "भाभी, खेत तो बढिया है," ते म्हणाले, "सिरफ पत्थरच उगे!"

"बसा गप, खावा," माय म्हणाली.

आण्णा दुपारी आले. फाटकातच थांबले. खडीवर आमची पावलं, पहाटेच्या रेघा पुसलेल्या, पाच पांढरे दगड. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी चपला काढल्या, कोपीपाशी आले, हात जोडले आणि म्हणाले, "वाढ."

दुसऱ्या दिवशी तांदळे साहेब ओरडले. ते वाईट नव्हते. बाग ताब्यात घ्यायच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती, आणि परवा वरचे साहेब बघायला येणार होते. "सरकारी बागेत तुम्ही देव बसवलात? उद्या कुणी आणखी काय बसवेल! वायर ब्रश आणा, घासा. आणि तू उद्यापासून येऊ नको. परवा तुमच्या मॅडम आल्या की त्यांनाच सांगतो, त्यांचा माळी कसला आहे ते." खोली चार दिवसांत सोडायची होती. माय ट्रंक काढून बसली. आण्णांनी तरीही पहाटे उठून रेघा ओढल्या. रोज मिळणार नसताना ओढल्या.

बाई आल्या त्या सरळ चौकाच्या कोपऱ्यात गेल्या आणि नऊ दिवस बसल्या होत्या तिथं उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ. मला आशा होती की त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "मी लिहून पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "चौथं कलम. वाचलं नाही कुणी?"

मी पुढं झाले. "मी वाचलं, बाई. मी ते मोठ्यानं वाचलं न्हाई. आण्णाला ठावं नव्हतं."

"ठावं हुतं," आण्णा मागून म्हणाले. सगळे वळले. "मला वाचता येत न्हाई, बाई, पन मोजता येतंय. साहातलं एक कमी हुतं. कोन्तं ते मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर हिच्या मायला न्हाई म्हनावं लागलं असतं. तवा चूक माझी. पोरीला काय म्हनू नका."

हे मी दुसऱ्या कुणाला फारसं सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांनी नोकरी जाताना माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि तेही खरं बोलून.

बाई मायकडे वळल्या. "तुम्हाला हे दगड तसेच छान नव्हते वाटत?"

"लई छान वाटत हुते," माय म्हणाली. "म्हनून तर. बाई, तुमीच पाच उभे केले. तोंडं उगवतीला केली. म्होरं आंगण केलं, रोज सारवल्यागत रेघा. पाया पडायचं तेवढं राह्यलं हुतं, ते आमी केलं."

तांदळे म्हणाले, "मॅडम, वायर ब्रश आज मिळालाय. तासाभरात साफ होतील."

"नको!" बाई एकदम म्हणाल्या. "ब्रशनं ओरखडे पडतील. ते जन्मभर जायचे नाहीत." मग आण्णांना विचारलं, "चुना पावसानं जाईल?"

"पाऊस आला तर जाईल, बाई."

आधी बाई हसल्या, मग टँकरपाशी उभे असलेले हबीब चाचा, मग तोंड फिरवून तांदळे साहेबसुद्धा. हसण्यासारखं त्या वर्षी काही नव्हतं, म्हणूनच असेल. बाईंनी कागद मागवला आणि उभ्या उभ्या लिहिलं, की दगड पावसाळ्यापर्यंत आहेत तसे राहतील, त्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि या चौकाची देखभाल ज्याला जमते असा माणूस हा एकच आहे. शेवटचं वाक्य त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. "सगळं वाच," म्हणाल्या. मी सगळं वाचलं. वरचे साहेब आले, चौकात एक चक्कर मारली, पांढऱ्या दगडांना त्यांनी चपला काढून नमस्कार केला आणि सही करून गेले. मायनं बाईंना उरलेली आंबील दिली. तीन दिवसांची, चांगली आंबलेली. एका घोटात त्यांचे डोळे मिटले, पण पेला त्यांनी रिकामा केला.

चुना मृगापर्यंत टिकला. मग तीन सरींत गेला आणि काळे दगड परत काळे झाले. आण्णा त्या दिवशी कट्ट्यावर भिजत बसले होते. त्यांना कायम करायला आणखी सहा वर्षं लागली, पण खोली गेली नाही आणि माझी शाळा सुटली नाही.

मागच्या साली मुलगा मला जपानला घेऊन गेला. क्योटोला ती अल्बमातली बाग आहे. पंधरा दगड आहेत आणि कुठूनही बसलं तरी चौदाच दिसतात, असं सांगतात. मी चार ठिकाणी बसून मोजले. चौदाच. मुलगा म्हणाला, "आई, रडतेस काय?" मी म्हटलं, एक कमी भरतोय. त्याला वाटलं मी गंमत करते.

त्या येळवशीच्या पुढच्या वर्षी, मार्गशीर्षाआधी, बाईंचं नवं पत्र आलं होतं. कलमं पुन्हा सहा. मी वाचू लागले आणि आण्णांनी बोटं धरली. चौथं असं होतं, "दगडांना वर्षातून एकदाच, मार्गशीर्ष अमावास्येला, साधा चुना लावावा. तो घासून काढू नये. पावसाने जाऊ द्यावा." सहावं बोट मिटलं आणि आण्णा म्हणाले, "भरली."

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. पहिल्या चुन्याचे पैसे कुठले होते ते मी मायला सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मंग पूजा त्यांची झाली की ग. त्यांचं त्यांला देऊन टाक." दुसऱ्या दिवशी तिनं मला पोस्टात नेलं. मनीऑर्डर रुपये दोन, घेणार रेगे बाई, मुंबई. कमिशन मायनं दिलं. खालच्या जागेत मी लिहिलं, "वहीचे पैसे. त्यांचा चुना आणला होता. सुमन."

पंधरा दिवसांनी पावती परत आली. ती माझ्याकडे आहे. तिच्यावर निरोप नाही, फक्त बाईंची सही, आणि सहीखाली शाईचे पाच ठिपके. दोन जवळ, जरा सोडून दोन, आणि एक लांब.